वनछत्रातील खिंडारे आणि महालता

चार्ल्स डार्विनचा आरोही वनस्पतींवरील निबंध १८६५ साली प्रसिद्ध झाला. अल्प द्रव्यव्ययात प्रकाश गाठणे हा आरोहणाचा लाभ होय, असे त्याने प्रतिपादिले. परंतु अरण्याच्या घडणीत वेलींचे कार्य कोणते, हा प्रश्न त्याच्या विवेचनाबाहेर राहिला. १९४७ मध्ये ए. एस. वॉट यांनी, वृक्ष कोसळून पडणाऱ्या खिंडारांतून वनाचे नूतनीकरण होते, असा विचार मांडला. त्यास बीच वृक्षांच्या वनाचा आधार होता. महालता तेथे गौणच.

ही उणीव पनामातील संशोधनाने पुष्कळशी भरून काढली. वृक्षासमवेत खाली आलेल्या महालता बहुधा मरत नाहीत. खिंडारातच पुन्हा फुटतात, असे फ्रान्सिस पुट्झ यांनी १९८४ मध्ये दाखविले. श्निट्झर व कार्सन यांनी तेथील काही खिंडारांतून महालता आठ वर्षे काढून टाकल्या. त्यांच्या २०१० च्या निष्कर्षानुसार अशा खिंडारांत वृक्षांची वाढ, नव्या रोपांची भर आणि जातिवैविध्य ही तिन्ही अधिक आढळली.

सारांश, खिंडार पडले म्हणजे वृक्षांचे पुनरुज्जीवन झालेच, असे मानता येत नाही. जो प्रकाश रोपांना वाढवितो, तोच महालतांनाही बळ देतो. आणि पुष्कळदा त्याच रोपांची वाट रोखून धरतात.