सर्पगंधा: मुळी तीच, मात्रा वेगळी

‘झाडपाल्याचं औषध, त्यानं काय अपाय होणार?’ आमच्या दोंडाईच्याच्या बाजारात हे वाक्य तुम्हाला कधीही ऐकू येईल. संशोधनाची तयारी करताय ना? मग अशा वाक्यापाशी थांबायला शिका. सर्पगंधेचा इतिहास त्यासाठी उत्तम आहे.

१९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की या मुळीची पूड वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि जगाचं लक्ष इकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. क्लोरप्रोमाझिनच्या जोडीनं हे सुरुवातीचं मनोविकारविरोधी औषध ठरलं.

आता गंमत बघा. पूड ग्रॅममध्ये द्यायचे, रिसर्पिन मिलिग्रॅममध्ये. रक्तदाबाला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतच भागतं, मनोविकारात मात्र कित्येक मिलिग्रॅम लागत. हे औषध मेंदूतले सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिन यांचे साठे रिकामे करतं. ते भरायला वेळ लागतो, म्हणून गोळी थांबवली तरी परिणाम काही दिवस रेंगाळतो. नाक चोंदणं, गुंगी, रक्तदाब फार उतरणं, हात थरथरणं हे त्रास दिसले. १९५४ मध्येच एडवर्ड फ्रीस यांनी नोंदवलं, की मोठी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांना नैराश्य आलं.

पुढे पुस्तकांत एवढंच उरलं: ‘रिसर्पिननं नैराश्य येतं.’ ‘मोठी मात्रा’ आणि ‘दीर्घकाळ’ हे शब्द गळाले. नंतर जुने पुरावे पुन्हा तपासले, तेव्हा कमी मात्रेबाबत ते एकसारखे निघाले नाहीत. तरी ज्याला आधी नैराश्य येऊन गेलंय, त्याला हे औषध टाळतात. ती खबरदारी योग्यच आहे.

म्हणजे बाजारातलं वाक्य आणि पुस्तकातलं वाक्य, दोघांची चूक एकच: मात्रा सांगितलीच नाही. औषध सुरक्षित की धोक्याचं, हा प्रश्नच अर्धवट आहे. किती, किती दिवस, कोणाला आणि लक्ष कोण ठेवतंय, हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि घरात कुणी मुळीची पूड आपल्या मनानं घेत असेल, तर डॉक्टरांना ते जरूर सांगा.