ग्रंथपाल आणि संगणक

ग्रंथालयांत नवें पुस्तक आलें म्हणजे तें लगेच वाचकाच्या हातीं पडत नसे. ग्रंथकार, विषय, वर्गांक इत्यादींची नोंद करून तिचीं कार्डें टंकलिखित करावीं लागत आणि तीं वर्णानुक्रमानें लाकडी खणांत लावावीं लागत. अमेरिकेंत काँग्रेसचें ग्रंथालय १९०१ पासून छापील कार्डें विकीत असे. पण तीं सर्वच ग्रंथांचीं मिळत नसत. त्यामुळें एकाच ग्रंथाची नोंद निरनिराळ्या ग्रंथालयांत पुनःपुन्हां होई.

यावर उपाय योजण्यासाठीं ओहायओ संस्थानांतील ५४ महाविद्यालयांनीं व विश्वविद्यालयांनीं १९६७ सालीं एक सहकारी केंद्र स्थापिलें. त्याचे प्रमुख फ्रेडरिक किलगोर हे येल विश्वविद्यालयांतील ग्रंथपाल होते. प्रत्येक संस्थेनें स्वतंत्र यंत्र घेण्याऐवजीं सर्वांनीं मिळून एकाच संगणकावर एकच सूचि ठेवावी, अशी त्यांची योजना होती. एकानें केलेली नोंद दुसऱ्यानें तारेवरून पाहावी, आपल्या पद्धतीप्रमाणें ती दुरुस्त करावी, आणि केंद्रानें क्रमवार लावलेलीं कार्डें छापून पाठवावीं. विद्यार्थ्यामागें ग्रंथालयाच्या खर्चांत होणारी वाढ मंदावावी, हा त्यांतील एक उद्देश होता.

ता. २६ ऑगस्ट १९७१ रोजीं अथेन्स येथील ऑल्डन ग्रंथालयांत या पद्धतीचा आरंभ झाला. पहिल्या दिवशीं १३३ ग्रंथांची नोंद झाली. पहिल्या वर्षांत तेथील नोंदींचें काम एक तृतीयांशानें वाढलें. पण नोकरांच्या १७ जागाहि कमी झाल्या. हे दोन्ही आंकडे एकत्रच वाचले पाहिजेत. यंत्रानें वेळ वांचविला. त्या बचतीची किंमत कोणा ना कोणाच्या टेबलाला मोजावी लागली.

तरीहि खरा लाभ निराळाच होता. कोणतें पुस्तक कोठें आहे हें सामाईक सूचींत दिसूं लागलें. १९७९ पासून त्याच यंत्रावरून दुसऱ्या ग्रंथालयाकडे पुस्तकाची मागणी करतां येऊं लागली, आणि लहान महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला मोठ्या ग्रंथालयाचीं कपाटें उघडीं झालीं.

ज्या यंत्रानें अखेरीस कार्डें निरुपयोगी ठरविलीं, त्याच्याच साह्यानें हें केंद्र ४४ वर्षें तीं छापीत राहिलें. शेवटचीं कार्डें १ ऑक्टोबर २०१५ रोजीं निघालीं. कित्येक अमेरिकन महाविद्यालयांनीं ग्रंथालय व संगणकविभाग एकाच अधिकाऱ्याच्या हाताखालीं आणले. परंतु फळ्यावरील पाटी बदलल्यानें दोन खातीं एक होत नसतात. ओहायओंत तीं एक झालीं, याचें कारण यंत्राला काय विचारावयाचें हें तेथें ग्रंथपालानें ठरविलें होतें.