मालवणची सहल किल्ल्यावरच का संपते? रापण, बंदर आणि गाबितांचा जिवंत वारसा समजून घ्या

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात मालवणचा सिंधुदुर्गही आहे. शाळा-कॉलेजच्या सहलींसाठी हा किल्ला आधीपासूनच हक्काचं ठिकाण होता. सहलीचा क्रमही ठरलेला असतो. बंदर जेटीवरून होडी, किल्ल्यावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, मग तारकर्ली, माशाचं ताट आणि परतीचा प्रवास.

ज्या बंदरावरून ही होडी सुटते, त्या बंदराचा वारसा मात्र बहुतेकांचा बघायचा राहून जातो. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रापण. किल्ला दगडाचा आहे, तो उद्याही तिथे असेल. रापणीबद्दल तसं सांगता येत नाही.

किल्ला आणि मासेमारीचा संबंध काय?

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. या बेटाच्या आजूबाजूला पाण्याखाली खडक पसरलेले आहेत. वाट माहीत नसलेलं जहाज इथे सहज जवळ येऊ शकत नाही. किल्ल्याचं हेच मोठं संरक्षण होतं. आणि ही वाट माहीत असते ती रोज त्या पाण्यात जाणाऱ्याला, म्हणजे स्थानिक दर्यावर्दी आणि मच्छीमाराला.

हेच खडक माशांसाठी घर आहेत. त्यांच्या आडोशाला प्रवाळ वाढतं, मासे अंडी घालतात, पिल्लं मोठी होतात. म्हणूनच १९८७ मध्ये किल्ल्याभोवतीच्या साधारण २९ चौरस किलोमीटर परिसराला मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आलं. आपल्या मासेमारीवर बंधनं येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोधही केला.

गाबीत म्हणजे कोण?

महाराष्ट्रात मासेमारी म्हटलं की कोळी समाज डोळ्यासमोर येतो. मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावर ते बरोबरही आहे. सिंधुदुर्गात मात्र समुद्रातल्या मासेमारीत प्रामुख्याने गाबीत समाज आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ला आणि पुढे गोवा, कारवारपर्यंत या समाजाची वस्ती आढळते.

नारळी पौर्णिमेला मालवण बंदरावर या समाजासोबत अख्खं शहर जमतं. समुद्राला नारळ अर्पण होतो आणि नारळ लढवण्याचे खेळ रंगतात. पावसाळ्यातली मासेमारी बंदी आता कायद्याने १ जून ते ३१ जुलै अशी असते. पण खवळलेल्या समुद्रात जाळं टाकायचं नाही आणि माशांना वाढू द्यायचं, ही शिस्त किनाऱ्यावर कायद्याच्या आधीपासून आहे.

रापण म्हणजे नेमकं काय?

रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. याच नावाने ती पद्धतही ओळखली जाते. ती अशी चालते:

१. जाणकार मंडळी पाण्यावर नजर ठेवतात. पाण्याचा बदललेला रंग, पृष्ठभागावरची खळबळ आणि घिरट्या घालणारे पक्षी यावरून माशांचा थवा ओळखतात.
२. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते. अर्धवर्तुळ घेत, जाळं सोडत सोडत ती काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते.
३. दोन्ही टोकांच्या दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. दोन्ही बाजू एका लयीत जाळं ओढतात आणि हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकतात.
४. जाळं वाळूवर येतं. बांगडा, तारली, पेडवे असे किनाऱ्याजवळ थव्याने फिरणारे मासे त्यात सापडतात.

यात इंजिनाचं काम नाही. लागतात ते हात, आणि तेही पुष्कळ.

मग त्यात वारसा काय?

रापणीचं खरं वेगळेपण मासे वाळूवर आल्यानंतर दिसतं. रापण एका मालकाची नसते, ती संघाची असते. आलेल्या मासळीचे किंवा पैशांचे 'वाटे' पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. दोराला हात लावणाराही सहसा रिकाम्या हाती जात नाही. कुणाची पाळी आधी, कुठल्या जागेवर कुणाची रापण, हे नियम कागदावर कमी आणि लोकांच्या तोंडी जास्त असतात. भांडण झालंच तर सोडवायची पद्धतही ठरलेली असते.

थोडक्यात, सगळ्यांच्या मालकीचा समुद्र सगळ्यांनी मिळून कसा वापरायचा, याची ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली व्यवस्था आहे. अशा चालत्या-बोलत्या परंपरांनाही वारसा मानलं जातं. बेल्जियममध्ये घोड्यावर बसून कोळंबी पकडायची पद्धत आहे. युनेस्कोने २०१३ मध्ये तिचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

रापण धोक्यात का आहे?

रापण टिकायला तीन गोष्टी लागतात. किनाऱ्याजवळ मासे, मोकळी वाळू आणि ओढायला माणसं. आज तिन्हींवर ताण आहे.

पहिली गोष्ट मासे. पर्ससीन जाळं माशांचा अख्खा थवा समुद्रातच वेढून उचलतं. तो थवा किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, अशी रापणकारांची तक्रार आहे. गोव्यात हाच संघर्ष १९७०च्या दशकात पेटला होता. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली तिथले रापणकार रस्त्यावर उतरले. अशा आंदोलनांनंतर किनारी राज्यांनी किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखणारे कायदे केले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. कर्नाटकात मात्र पर्ससीन आल्यानंतर तिथली 'रंपणी' मागे पडली.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा आणखी कडक झाला. तरीही बेकायदा मासेमारीवरून मालवणच्या समुद्रात वाद होतच राहिले.

याला दुसरी बाजूही आहे. पर्ससीनवाल्यांच्या डोक्यावर बोटींची कर्जं आहेत आणि त्यांच्या बोटींवर खलाशांची घरं चालतात. रापणीच्या जाळ्याची वीण बारीक असेल, तर तिच्यातही माशांची पिल्लं सापडतात. पण रापण समुद्रात माशांच्या मागे जाऊ शकत नाही. किनाऱ्याजवळ जे येईल तेवढंच तिचं.

दुसरी गोष्ट वाळू. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर स्कुबा, पॅरासेलिंग, हॉटेलं वाढली आणि मच्छीमार कुटुंबांनाही उत्पन्नाचा नवा मार्ग मिळाला. पण जाळं पसरायला आणि ओढायला लागणारी मोकळी जागा त्याच किनाऱ्यावर हवी असते.

तिसरी गोष्ट माणसं. एखाद्या दिवशी दोन तास दोर ओढून वाट्याला मूठभर मासे येणार असतील, तर तरुण मुलं पर्यटकांची होडी चालवणं पसंत करतात. त्यांना दोष देता येत नाही. पण रापण चार माणसांनी ओढता येत नाही. पुरेशी माणसं जमली नाहीत, की तो संघच थांबतो.

विद्यार्थ्यांनी बंदरावर काय शिकावं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी १० दिवस दप्तराविना असावेत, असं सुचवलं आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून शिकायचं आहे. किनाऱ्यावरच्या शाळांसाठी या यादीत रापणकार सहज बसतो.

पुस्तकातले बरेच धडे इथे प्रत्यक्ष दिसतात:

• भूगोल: खारे वारे आणि मतलई वारे परीक्षेपुरते पाठ होतात. मच्छीमार त्यावर होडी काढायची वेळ ठरवतो.
• गणित: भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीवरून ती तोंडी कशी काढतात, ते विचारा.
• नागरिकशास्त्र: वाटे कसे पडतात? पाळी कोण ठरवतं? नियम मोडला तर काय होतं?
• भाषा: मासे, वारे, दोर, जाळ्याचे भाग यांना मालवणीत काय म्हणतात, त्याची यादी करा. यातले कितीतरी शब्द कामासोबतच जगतात. काम थांबलं की तेही थांबतात.
• अर्थशास्त्र: किनाऱ्यावर लिलावात मिळालेला भाव आणि ताटातल्या माशाचा भाव यांची तुलना करा. लिलावात, विक्रीत आणि मासे सुकवण्यात बायकांचं काम किती आहे, तेही मोजा.

जाताना काय लक्षात ठेवावं?

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण पाहायला मिळू शकते, पण तिचं वेळापत्रक नसतं. समुद्र शांत हवा आणि थवा किनाऱ्याजवळ हवा. त्यामुळे आदल्या दिवशी स्थानिकांकडे चौकशी केलेली बरी. ताणलेल्या दोराच्या मध्ये उभं राहू नका. वाळत टाकलेल्या जाळ्यावर चपला घालून चढू नका. फोटो आणि व्हिडिओ विचारून काढा, कारण तिथे कुणाचा तरी कामाचा दिवस सुरू असतो. सांगितलेली माहिती लिहून ठेवा आणि शाळेत त्याची वही जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तीच वही पुढे न्यावी. दहा वर्षांत कोणता मासा कमी झाला, किती संघ उरले, हे त्या वहीतूनच कळेल.

आणि ओढणाऱ्यांनी हाक मारली, तर दोराला हात लावा. रापणीला आज सगळ्यात जास्त गरज हातांचीच आहे.