कंपनीचा मुक्काम कुठे?

एखादा माणूस कुठे राहतो, हे ठरवणे फारसे अवघड नसते. त्याचे घर असते, शिधापत्रिका असते, विजेचे बिल असते. यातले काहीच नसले तर शेजारी सांगतात. कंपनीचे तसे नाही. कायद्याच्या लेखी तीही एक व्यक्तीच. पण तिला ना देह, ना बिऱ्हाड, ना शेजारी. तरीही तिच्यावर आयकर बसवायचा, तर ती कोणत्या देशाची रहिवासी हे आधी ठरवावे लागते.

कर टाळण्यासाठी मोठ्या कंपन्या परदेशी जातात, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. जातात म्हणजे नेमके काय करतात? कारखाना उचलून नेतात काय? बहुतेक वेळा नाही. कारखाना, कामगार आणि गिऱ्हाईक जागच्या जागी राहतात. हलतो तो कागदावरचा मुक्काम. आणि हे सारे पुष्कळदा कायद्याच्या चौकटीत बसवलेले असते, म्हणून त्याला सरळसरळ चोरीही म्हणता येत नाही.

मी वकील नाही, सनदी लेखापालही नाही. हिशेब खात्यातल्या नोकरीमुळे कराच्या जुन्या निकालांची गोडी लागली आणि ते जमेल तसे वाचत गेलो. त्या वाचनातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. कंपनीचा मुक्काम ठरवताना कायद्याने नोंदणी कुठे झाली ते पाहिले, संचालक कुठे बसतात ते पाहिले. पण काम कुठे होते आणि पैसा कुठे मिळतो, हा प्रश्न त्याने बहुधा सर्वांत शेवटी विचारला. कंपन्यांना वाट सापडली ती इथेच.

ताग बंगालचा, कर लंडनचा

या कथेची सुरुवात आपल्याच भूमीवर होते. १८७६ साली लंडनच्या एक्स्चेकर न्यायालयापुढे दोन खटले एकत्र चालले. एक इटलीतल्या चेझेना इथल्या गंधकाच्या खाणींच्या कंपनीचा, दुसरा कलकत्ता ज्यूट मिल्सचा. ज्यूट मिल्सची नोंदणी इंग्लंडातली, संचालक मंडळ लंडनचे. गिरणी मात्र बंगालमध्ये. कंपनीचे म्हणणे असे, की जेवढा नफा इंग्लंडात येतो तेवढ्यावरच कर घ्या. न्यायालयाने ते मानले नाही. कंपनीचा कारभार लंडनहून चालतो, तेव्हा ती लंडनची रहिवासी, आणि सगळ्या नफ्यावर कर लागू, असा निकाल झाला.

त्या वर्षी खुद्द हिंदुस्थानात आयकरच नव्हता. १८६० साली तो पहिल्यांदा आला, मध्ये बंद पडला, पुन्हा सुरू झाला, १८७३ मध्ये रद्द झाला आणि १८८६ मध्ये परत आला. म्हणजे ताग बंगालच्या शेतकऱ्याचा, श्रम बंगालच्या गिरणीतले, आणि आयकर लंडनच्या तिजोरीत. दर मामुली होता. पौंडाला तीन पेन्स, म्हणजे शेकडा सव्वा. म्हणून त्याची फारशी चर्चा झाली नसावी. पण तत्त्व ठरून गेले.

१९०६ साली उमरावांच्या सभागृहाने, म्हणजे त्या काळच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, डी बिअर्स कंपनीच्या खटल्यात ते आणखी घट्ट केले. डी बिअर्सच्या हिऱ्यांच्या खाणी दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीला, नोंदणी तिथलीच, भागधारकांच्या सभाही तिथेच. पण बहुतेक संचालक लंडनला राहत आणि मोठे निर्णय तिथे होत. लॉर्ड लोरबर्न यांनी निर्वाळा दिला, की कंपनीची मुख्य सूत्रे जिथून हलतात तिथे तिचे घर. साम्राज्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातला नफा लंडनमध्ये करपात्र ठरवणारी ही कसोटी होती.

टेबल कैरोला हलले

पहिल्या महायुद्धाने हिशेब बदलला. १९१८ पर्यंत ब्रिटनचा आयकर पौंडाला सहा शिलिंग, म्हणजे तीस टक्के झाला. मांसाच्या व्यापारातले बडे उद्योजक वेस्टी बंधू तर १९१५ मध्येच करापायी ब्रिटन सोडून ब्युनॉस आयर्सला गेले. त्याच विल्यम वेस्टींना १९२२ मध्ये उमरावपद मिळाले, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला.

पण वेस्टींना निदान स्वतः बोटीत बसावे लागले. इजिप्शियन डेल्टा लँड अँड इन्व्हेस्टमेंट कंपनीने त्याहून सोपी वाट दाखवली. ही कंपनी १९०४ मध्ये लंडनला नोंदलेली. व्यवहार इजिप्तमधल्या जमिनींचा. १९०७ मध्ये तिने आपला कारभार कैरोला नेला. संचालकांच्या बैठका, चिटणीस, बँकेचे खाते, सारे तिकडे. लंडनला उरले ते कायद्यापुरते नोंदणी कार्यालय. कर खात्याने ब्रिटनची रहिवासी म्हणून कर मागितला. प्रकरण उमरावांच्या सभागृहापर्यंत गेले आणि कंपनी जिंकली. १९२९ च्या निकालसंग्रहात हा निकाल छापलेला आहे. सूत्रे जिथून हलतात तिथे घर, हे तुमचेच तत्त्व. मग कैरोला सूत्रे असताना घर लंडनला कसे, हा युक्तिवाद बिनतोड होता. आजच्या करआश्रय बेटांचे मूळ काही अभ्यासक याच निकालात शोधतात.

ब्रिटनमध्ये नोंदलेली कंपनी ब्रिटनची रहिवासी, असा बदल ब्रिटनने केला तो थेट १९८८ मध्ये. म्हणजे ही पळवाट बुजवायला जवळजवळ साठ वर्षे लागली.

कुठेच न राहणाऱ्या कंपन्या

ब्रिटिश कायद्याची ही कसोटी आयर्लंडकडे वारशाने आली होती. अमेरिकेचा नियम वेगळा: नोंदणी जिथे, तिथली कंपनी. या दोन नियमांच्या फटीत अॅपलच्या उपकंपन्या बसल्या. नोंदणी आयर्लंडची, म्हणून अमेरिकेच्या लेखी त्या परक्या. सूत्रे अमेरिकेतून हलत, म्हणून आयर्लंडच्या लेखीही त्या रहिवासी नव्हेत. २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे हे उघडपणे मांडले गेले. युरोपीय आयोगाच्या हिशेबानुसार यातल्या एका कंपनीने २०१४ मध्ये दहा लाख युरो नफ्यामागे पन्नास युरो कर भरला. २०१६ मध्ये आयोगाने आयर्लंडला तेराशे कोटी युरो वसूल करायला सांगितले, तर आयर्लंडच त्याविरुद्ध न्यायालयात गेले. पैसे नकोत, पण कंपनी दुखावू नये, असा तो पवित्रा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने अखेर आयोगाचे म्हणणे उचलून धरले.

फोन मुंबईचा, शेअर केमनचा

आपल्याकडचे मोठे उदाहरण बहुतेकांच्या खिशात होते. मुंबईत आधी ‘ऑरेंज’ आणि मग ‘हच’ म्हणून ओळखली जाणारी फोनसेवा २००७ मध्ये व्होडाफोनने घेतली. सौदा अकरा अब्ज डॉलरच्या वरचा. पण भारतात कोणताच शेअर विकला गेला नाही. विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर. विकणारा समूह हाँगकाँगचा, घेणारी कंपनी नेदरलँड्सची. भारतीय आयकर खात्याने कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू घेतली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली. सरकारने मग पूर्वलक्षी प्रभावाने कायदा बदलला, आंतरराष्ट्रीय लवादात २०२० मध्ये हार खाल्ली आणि २०२१ मध्ये तो बदल मागे घेतला.

पूर्वलक्षी कायदा चूक होता, असे मलाही वाटते. खेळ संपल्यावर नियम बदलू नयेत. पण त्या वादात मूळ प्रश्न बाजूला पडला. त्या शेअरला अब्जावधींची किंमत आली ती केमनच्या वाळूमुळे नव्हे. ती आली भारतातले परवाने, मनोरे आणि रिचार्ज करणाऱ्या लाखो गिऱ्हाइकांमुळे. १८७६ सालच्या तागाच्या गिरणीत आणि यात मला फारसा फरक दिसत नाही.

भरतो कोण?

कंपनी जाईल ही धास्ती आता प्रत्यक्ष जाण्याइतकीच परिणामकारक झाली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पणजीत अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचा दर २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला एक लाख पंचेचाळीस हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल असा सरकारचाच अंदाज होता. गुंतवणूक यावी हा हेतू. शेजारचा देशही याच हेतूने दर उतरवतो, आणि उतरंड चालू राहते.

या स्पर्धेला बांध घालायला ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी मोठ्या कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कराचे तत्त्व मान्य केले. पण जून २०२५ मध्ये जी-सात गटाने अमेरिकी मुख्यालयाच्या कंपन्यांना त्यातल्या मुख्य तरतुदींतून मोकळे ठेवायला संमती दिली. नफ्याचा काही भाग गिऱ्हाईक जिथे आहे तिथे करपात्र धरावा, हा त्याच वाटाघाटींतला दुसरा प्रस्ताव अजून कागदावरच आहे. म्हणजे खरा प्रश्न पुन्हा शेवटीच राहिला.

पगारदाराचा कर पगार हातात येण्याआधीच कापला जातो. औद्योगिक वसाहतीतला लेथवाला आपला गाळा केमनला नेऊ शकत नाही. किराणा घेणारी बाई जीएसटी भरूनच पिशवी उचलते. रस्ते, बंदरे, न्यायालये आणि शिकलेला कामगार यांचा खर्च कुणीतरी भरावाच लागतो. ज्याला हलता येत नाही तो भरतो. म्हणून एखादी कंपनी परदेशी गेली अशी बातमी आली, की तिचा नवा पत्ता कोणता हे विचारून थांबू नये. तिचे काम कुठे चालते, तिचे गिऱ्हाईक कुठे आहे, हेही विचारावे. कायदा ते विचारायला दीडशे वर्षे कचरत आला आहे. नागरिकांनी कचरायचे कारण नाही.