शिशाची नाणी आणि एक चांदीचे

तेरला जाणारा माणूस बहुधा गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातो. मीही तसाच गेलो होतो. पण मनात होते ते सातवाहनांचे चांदीचे नाणे. म्हणून दर्शन आटोपून रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय गाठले.

सातवाहनांचा रोजचा व्यवहार चाले तो शिसे, तांबे आणि पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांवर. राजाचा चेहरा असलेले चांदीचे नाणे त्यांनी पाडले ते गौतमीपुत्र सातकर्णीपासून पुढच्या मोजक्याच राजांच्या काळात. वजन जेमतेम दोन ग्रॅम, घडण पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्याची. एका बाजूचा लेख प्राकृत, तर दुसऱ्या बाजूच्या लेखाची भाषा द्राविडी वळणाची, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सातवाहन गेले, त्यांचे हे नाणेही संपले. साहजिकच संग्राहकांच्या त्यावर उड्या पडतात.

पण नाणे बोलते ते एकट्याने नव्हे. नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. शत्रूचे नाणे वितळवायचे कशाला? त्याच्या चेहऱ्यावरच आपली खूण उमटवली की झाले! हा ठेवा एकत्र हाती आला, म्हणून नहपानाच्या पराभवाचा एवढा भक्कम पुरावा मिळाला. तीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती तर?

तेरचे लामतुरे सरकारी पुरातत्त्वज्ञ नव्हते, गावचेच. तेरणाकाठच्या या गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. पावसाने माती धुपली की मणी, खापरे, नाणी वर येतात. हे तेर म्हणजेच जुने तगर. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे, भडोचच्या बंदराला कापड पाठविणारे शहर म्हणून ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचा उल्लेख आहे. लामतुऱ्यांनी इथल्या हजारो वस्तू जमविल्या आणि त्यांचा संग्रह पुढे शासनाच्या संग्रहालयात आला. बाजारात ज्याला कुणी विचारत नाही असे शिशाचे नाणेही त्यांनी टाकले नाही. चांदी पाहायला गेलेला मी त्या काळवंडलेल्या, हत्तीची छाप पुसट झालेल्या नाण्यांसमोरच रेंगाळलो. कापड विकून घरी परतणाऱ्या कुणा विणकराच्या कनवटीला असलीच नाणी असणार.

पुढे एका परिचिताने मखमली डबीतून सातवाहनांचे चांदीचे नाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. नाणे सुरेख होते. मी विचारले, "कुठे सापडले?"

"बाजारात घेतले," तो म्हणाला.

"त्याच्याकडे कुठून आले?"

"ते कोण विचारतो?"

मी नाणे उलटसुलट पाहिले आणि परत डबीत ठेवले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)