टायरची तार, पॅरिस आणि वसईचे काका



बऱ्याच दिवसांनी वीकांताला लिहायला बसलोय. कारण साधं आहे. गेल्या महिन्यात माझी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे राईड एका टायरपायी बुडाली, आणि तेव्हापासून डोक्यात तेच चक्र फिरतंय. (हो, विनोद जाणूनबुजून केलाय.)

आधी ब्रेव्हे म्हणजे काय ते सांगतो. ही शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं असतं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास. कुणी गाडीतून मागे येत नाही. पंक्चर झालं तर तुझं तू बघ. एका सीझनमध्ये २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही राईड जमवल्या, की दर चार वर्षांनी होणाऱ्या 'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस'साठी पात्र होता येतं. बाराशे किलोमीटर, नव्वद तास. पुढची २०२७ ला आहे आणि तिथे जायचं हे माझं दोन वर्षांपासूनचं स्वप्न. हापिसात कुणाला बोललो नाहीये, हसतील म्हणून.

तर त्या रविवारी, अहमदाबाद हायवेवर, मनोरच्या अलीकडे मागचा टायर बसला. ट्यूब बदलायला दहा मिनिटं, असा माझा हिशोब. पण नवीन रेसचं चाक, त्यावर नवाकोरा टायर. काढला कसाबसा. घालताना शेवटचा वीतभर भाग काही केल्या रिमवर चढेना. प्लॅस्टिकच्या दोन पत्त्या मोडल्या. तिसरीने जोर लावला तर नवी ट्यूबच चिमटली. दुसरी ट्यूब, पुन्हा तेच. अंगठ्याची सालं निघाली, वर ऊन आणि बाजूने सुसाट ट्रेलर. दीड तासाने एका टेम्पोवाल्याला हात केला. वसईला परत येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. बिचाऱ्याने चहा पाजला वर.

घरी आल्यावर 'टायर एवढा घट्ट करतातच का' या प्रश्नाचा छडा लावायचाच म्हणून बसलो, आणि थेट १८४५ सालात पोचलो.

त्या वर्षी रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. आत रबर लावलेलं कापड, बाहेर चामडं, आणि हे सगळं घोडागाडीच्या चाकाला. सायकलचा तेव्हा पत्ताच नव्हता, त्यामुळे लोक ते विसरूनही गेले. मग १८८७ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट नव्याने शोधली. १८८८ ला पेटंट मिळालं. १८८९ च्या मे महिन्यात विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टमध्ये त्या टायरवर शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस भरले. पुढे थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचं पेटंट बाद झालं, हा भाग वेगळा.

पण डनलॉपच्या टायरमध्ये एक मोठी गोची होती. तो रिमला कापड आणि रबराच्या सोल्युशनने चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं सोलून काढा, दुरुस्त करा, पुन्हा चिकटवा, वाळू द्या. असं सांगतात की १८८९ मध्ये एक इंग्रज सायकलवाला असा बसलेला टायर घेऊन फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात आला. दुरुस्तीला तीनेक तास लागले आणि वाळायला रात्र गेली. सकाळी एदुआर मिशलँ ती सायकल चालवून बघायला निघाला, तर थोड्याच वेळात टायर पुन्हा बसला. पण हवेवरची ती सफर त्याला आवडली होती. मग प्रश्न उरला एकच : हा टायर काढता-घालता कसा येईल?

१८९१ मध्ये मिशलँने सुटा टायर आणला. तो रिमला सतरा बोल्टांनी आवळायचा, आणि दुरुस्ती पंधराएक मिनिटांत व्हायची. त्याच वर्षी सप्टेंबरात एका फ्रेंच वर्तमानपत्राने पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी शर्यत ठेवली. होय मंडळी, तीच! शार्ल तेराँ मिशलँच्या टायरवर होता आणि जिएल-लावाल डनलॉपच्या. परतीच्या वाटेवर जिएल-लावाल झोपलेला असताना तेराँ पुढे निघून गेला आणि ७१ तास २२ मिनिटांत जिंकला. पुढच्या वर्षी मिशलँने पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी स्वतःचीच शर्यत भरवली आणि पंक्चर किती पटकन निघतं हे दाखवायला रस्त्यावर चक्क खिळे पेरले. मार्केटिंगवाले तेव्हापासून असेच.

माझ्या चाकाचं मूळ मात्र यात नाही. ते १८९० सालच्या ब्रिटनमध्ये आहे. त्या एकाच वर्षात दोन पेटंटं निघाली. एक विल्यम बार्टलेटचं. त्याच्या टायरच्या कडा आकड्यासारख्या, रिमच्या आत वळलेल्या काठाखाली अडकणाऱ्या, आणि आतल्या हवेच्या दाबाने तिथेच धरून ठेवलेल्या. याचं नाव 'क्लिंचर'. दुसरं चार्ल्स किंग्स्टन वेल्चचं. त्याने टायरच्या दोन्ही कडांमध्ये न ताणली जाणारी तार घातली. तारेचा घेर रिमच्या काठापेक्षा लहान, म्हणजे टायर निसटण्याचा प्रश्नच नाही. मग चढवायचा कसा? त्यासाठी रिमच्या मधोमध खोलगट भाग. तारेचा एक भाग त्या खोलीत ढकलला की विरुद्ध बाजूला ढील मिळते, तेवढ्यात ती काठावरून पलीकडे न्यायची. आपण आज टायरला क्लिंचर म्हणतो, पण त्यातली तार आणि रिमची ती मधली खोली ही युक्ती वेल्चची. गंमत म्हणजे डनलॉप कंपनीने ही दोन्ही पेटंटं पुढे विकत घेतली आणि स्वतःचं बाद झालेलं असूनही धंदा टिकवला.

इथे मला माझं पाप दिसायला लागलं. आकडेमोड करून बघितली. रेसच्या चाकावर तार जिथे टेकते त्या वर्तुळाचा व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण १९५४. रिमचा काठ त्याहून सहाएक मिलिमीटर उंच धरला तर त्याचा घेर भरतो १९९२. म्हणजे जवळपास ३८ मिलिमीटरचा फरक, आणि तार तर ताणत नाही. तारेला मधल्या खोलीत उतरवलं तर दर मिलिमीटर खोलीमागे दोन पाय, म्हणजे सव्वासहा मिलिमीटर ढील मिळते. आणि मी काय केलं होतं? पंक्चरच्या भीतीने त्याच खोलीत जाड कापडी टेपचे दोन थर चिकटवले होते! मिलिमीटरभर खोली तिथेच गेली, म्हणजे सहा मिलिमीटर ढील माझी मीच खाल्ली. इंजिनिअरिंगची डिग्री आहे हो माझ्याकडे.

तरी शंका होतीच. म्हणून पुढच्या रविवारी चाक काखेत मारून आमच्या वसई गावातल्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. शाळेत असताना माझ्या सायकलचं प्रत्येक पंक्चर त्यांनीच काढलंय. पाण्याचं घमेलं, ट्यूब घासायची कानस, सोल्युशनची डबी, सगळं अजून जागच्या जागी. आता सायकलींपेक्षा स्कूटर आणि मोटरसायकली जास्त येतात त्यांच्याकडे.

"काका, हा टायर चढतच नाही. कंपनीने लहान बनवलाय बहुतेक."

"कंपनीने नाय, तू उलटा चढवतोस. शेवट कुठे करतोस?"

"व्हॉल्व्हच्या समोर."

"तिथेच तर चुकतंय. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा जाड बुडखा असतो, तार खाली जाणार कशी? समोरून सुरुवात कर, व्हॉल्व्हवर संपव."

त्यांनी माझा एक थर टेप उपटला, ट्यूबमध्ये नावापुरती हवा भरली, व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात केली आणि दोन्ही हातांनी टायर चिमटत चिमटत तार मधल्या खोलीत सरकवत आले. व्हॉल्व्हपाशी आल्यावर व्हॉल्व्ह थोडा आत दाबला आणि अंगठ्यांनी शेवटचा भाग टप्कन आत. पत्तीला हातसुद्धा लावला नाही. मी त्यांना वेल्चबद्दल सांगितलं. म्हणाले, "असेल. मला स्कूटरच्या टायरने शिकवलं."

एकशे तीस वर्षांपूर्वीचं पेटंट आणि काकांचे अंगठे, दोघांचं म्हणणं एकच. मला ते दोघांकडूनही ऐकावं लागलं.

आता मूळ प्रश्न : एवढा घट्ट ठेवतातच का? तर टायर सैल असण्याची किंमत फार मोठी असते. शर्यतीतले लोक कितीतरी दशकं शिवलेले, रिमला गोंदाने चिकटवलेले टायर वापरत. जुन्या टूर द फ्रान्सच्या फोटोंत खांद्यावरून आडवे गुंडाळलेले दिसतात ते हेच. २००३ च्या टूरमध्ये तापलेल्या डांबरी उतारावर होसेबा बेलोकीचं चाक घसरलं, टायर रिमवरून सुटला, मांडीचं हाड मोडलं आणि तो पुन्हा कधी पूर्वीसारखा चालवू शकला नाही. हल्लीच्या ट्यूबलेस टायरमध्ये तर ट्यूबच नसते. तार रिमवर चपखल बसली नाही तर हवा राहणार नाही आणि टायरही. २०२४ च्या फेब्रुवारीत यूएई टूरमध्ये तोमास दे जेंटचा टायर असाच रिमवरून निघाला आणि तो पडला. माझं चाकही ट्यूबलेस जातीचं, मी त्यात ट्यूब घालून चालवतो एवढंच. ज्या घट्टपणाला मी मनोरला शिव्या घातल्या, तोच घाटाच्या उतारावर मला सांभाळतो.

आणि रडायचं तरी किती? ऑक्टोबर १९२३ मध्ये आपल्या मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं मार्च १९२८ मध्ये परत आले, सुमारे ७१,००० किलोमीटर चालवून. भारतात टायरचा कारखानाच तेव्हा नव्हता. डनलॉपचा बंगालमधल्या साहागंजचा निघाला १९३६ मध्ये. मला घरापासून तासाभराच्या अंतरावर टेम्पो मिळाला, चहासकट.

असो. गेले तीन आठवडे रोज रात्री बाल्कनीत दिवा मालवून टायर काढतो आणि घालतो. आई म्हणते, लग्नाचं बघायच्या वयात हे काय चाललंय. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली होती, काल नऊ. पुढची दोनशेची राईड दोन महिन्यांनी आहे. नाव नोंदवलंय. पत्त्या मात्र या वेळी चांगल्या घेतल्यात... काकांना सांगू नका :)