बोरीबंदरसमोरची शाळा

बोरीबंदर स्टेशनातून बाहेर पडले की दादाभाई नौरोजी रस्त्याच्या पलीकडे घुमट आणि मिनार असलेली एक देखणी जुनी इमारत दिसते. गावाकडून पहिल्यांदाच मुंबईत आलेली आपली माणसे तिला मशीद समजतात, कोणी दर्गाही समजतात. ती शाळा आहे, अंजुमन-ए-इस्लामची. स्टेशनाचे नाव दोनदा बदलले, १९९६ साली आणि पुन्हा २०१७ साली. समोरची शाळा मात्र १८९३ पासून त्याच जागी त्याच नावाने उभी आहे.

अंजुमनची स्थापना १८७४ ची. त्याआधी तीन वर्षे लॉर्ड मेयोच्या सरकारने मुसलमानांच्या मागासलेल्या शिक्षणाबद्दल ठराव करून आपली काळजी व्यक्त केली होती. पण ठरावाने शाळा उघडत नाहीत. त्या कामी बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे वडीलबंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे आणि गुलाम महंमद मुन्शी ही मंडळी एकत्र आली. यातली प्रत्येक व्यक्ती वेगळ्या घरची. तय्यबजी बंधू सुलेमानी बोहरा, दोघेही विलायतेत कायदा शिकून आलेले, एक सॉलिसिटर आणि दुसरा बॅरिस्टर. रोगे हे कोकणी मुसलमान, जहाजांचे मालक. बद्रुद्दीन तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. हेच बद्रुद्दीन पुढे १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १८९७ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती म्हणून त्यांनीच राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला. आपल्या पाठ्यपुस्तकांतून टिळकांच्या त्या खटल्याचा धडा येतो, जामीन देणाऱ्या न्यायाधीशाचे नाव मात्र बहुधा गळते. असो.

अंजुमन स्थापन झाली तरी प्रत्यक्ष शाळा सुरू व्हायला १८८० साल उजाडले. बाबुला टँकजवळ, तीन शिक्षक आणि सुमारे १२० मुले एवढ्यावर ती सुरू झाली. मोठ्या संस्थांची सुरुवात लहान असते हे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. पण त्या काळी १२० बापांनी मदरशाच्या जोडीला, किंवा मदरशाऐवजी, आपले मूल इंग्रजी शिकायला पाठवले, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही. इंग्रजीने ईमान जाते असे मानणारे तेव्हा मोहल्ल्यात पुष्कळ होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे बद्रुद्दीन यांनी मुंबईच्या मुसलमानांच्या तालीमीची बाजू मांडली, तेव्हा त्यांच्या हाती दाखवायला ही शाळा होती.

खरा प्रश्न होता शाळेच्या भाषेचा. मुंबईचा मुसलमान म्हणजे एक माणूस नव्हता. मेमन आणि खोजा घरात कच्छी बोलत, बोहरा गुजराती बोलत, कोकणी आपली कोकणी बोलत, जुलाहे पूर्वी हिंदी. एकमेकांच्या बोलीत ते हिशेब करू शकत होते, शिकू शकत नव्हते. तय्यबजींच्या खुद्द घराण्याने गुजराती सोडून उर्दू धरली होती, आणि घरातल्या आठवणींच्या वह्यासुद्धा पुढे उर्दूतच लिहिल्या जाऊ लागल्या. तोच निर्णय शाळेच्या बाबतीतही झाला. हिंदुस्तानी, म्हणजे उर्दू, ही सगळ्यांना जोडणारी भाषा ठरली आणि तिच्या हाताला धरून इंग्रजी आत आली. वेगवेगळ्या जमातींची मुले एका बाकावर बसली ती या निर्णयामुळे. त्याची किंमतही होती. कोकणी मुलाच्या घरची बोली शाळेच्या उंबऱ्याबाहेर राहिली, आणि ज्या मुलखात तो राहतो त्या मुलखाची मराठी त्याला परक्यासारखी शेवटच्या तासाला भेटू लागली. १८८० साली हा निर्णय चुकला असे आम्ही म्हणणार नाही. त्यानंतरच्या शंभर वर्षांत तो कोणी पुन्हा तपासून पाहिला नाही, आमची तक्रार एवढीच आहे.

आजच्या इमारतीची पायाभरणी १८९० साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते झाली आणि १८९३ साली लॉर्ड हॅरिस यांनी तिचे उद्घाटन केले. सरकारी मदतीला समाजाच्या वर्गणीची जोड होती. हॅरिस साहेब क्रिकेटचे शौकीन. त्यांच्याच नावाची ढाल मुंबईच्या शाळांमध्ये गेली सव्वाशे वर्षे खेळली जाते. अंजुमनच्या मुलांनी या मैदानी परंपरेत आपले नाव कमावले. बेस्टच्या बसचालकाचा मुलगा वसीम जाफर याच शाळेचा. पंधराव्या वर्षी शालेय सामन्यात नाबाद ४०० धावा काढणारा हा मुलगा पुढे भारताकडून कसोटी खेळला. त्याच्या कितीतरी आधी पेशावरहून आलेल्या फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा युसूफ खान इथे शिकला. जगाने त्याला दिलीपकुमार म्हणून ओळखले. त्याच्या घरची बोली हिंदको. म्हणजे बाकावरच्या बोलींमध्ये आणखी एकीची भर.

मुलींच्या बाबतीत मात्र अंजुमन फार सावकाश चालली. बद्रुद्दीन यांनी स्वतःच्या मुलींना शाळेत घातले होते. १९०३ साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी पडद्याच्या अतिरेकाविरुद्ध भर सभेत मत मांडले होते. तरीही अंजुमनची सैफ तय्यबजी गर्ल्स हायस्कूल सुरू झाली ती १९३६ साली. मुलांची शाळा निघाल्यानंतर छप्पन वर्षांनी! या अवधीत दोन पिढ्यांच्या मुली घरी बसल्या. शतकोत्सवांच्या भाषणांत १८७४ आणि १८९३ ही सालेच गाजतात. आमच्या मते १९३६ हे साल त्यांच्या बरोबरीने मोठ्या अक्षरांत लिहायला हवे.

या शाळेच्या वळणावर पुढे राज्यभर उर्दू शाळा निघाल्या. सकाळी इक्बालची 'बच्चे की दुआ', वर्षातून एकदा बैतबाजी, तकरीरीचे मुकाबले, रमजानमध्ये बदललेली वेळ, हे सगळे आम्हा उर्दू शिक्षकांच्या अंगवळणी पडलेले. बैतबाजीत सातवीतली मुलगी शेवटचे अक्षर पकडून न अडखळता शेर म्हणते, तेव्हा तिच्या उच्चारांचा आम्हाला अभिमान वाटतो. तीच मुलगी तहसील कचेरीत दाखल्याचा अर्ज भरताना अडते. मग शेजारच्या मराठी शाळेतली, तिच्याहून लहान पोर तिला मदत करते. बैतबाजीचे बक्षीस आम्ही फलकावर लिहितो. अर्जाची गोष्ट फलकावर येत नाही.

दरम्यान पालक तिसरीकडेच निघाले आहेत. ज्यांना परवडते ते मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. उर्दू माध्यमात उरतात ती बहुतेक रिक्षावाल्याची, भाजीवाल्याची, यंत्रमागावरच्या कामगाराची मुले. उर्दू टिकवण्याची जबाबदारी सर्वांत गरीब घरांवर येऊन पडली आहे, आणि मुशायऱ्यात पहिल्या रांगेत बसणाऱ्यांची नातवंडे त्या शाळेत नाहीत. अंजुमननेही इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या. त्यात गैर काही नाही, बद्रुद्दीन यांनाही इंग्रजी हवीच होती. पण त्यांना ती उर्दूच्या हाताने हवी होती.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. उर्दू शाळांत मराठी त्याआधीही होतीच, पण परीक्षेपुरती. कोकणातल्या उर्दू शाळांत शिकवणारे आम्ही अलीकडे मराठीच्या तासाला एक युक्ती करतो. कवितेतला शब्द अडला की त्याचा अर्थ उर्दूत सांगत नाही, तर विचारतो, "तुझी आजी याला काय म्हणते रे?" मुले आधी लाजतात, मग मागच्या बाकावरून कोणीतरी कोकणी शब्द सांगतो. दहापैकी सहा वेळा तो मराठीचाच निघतो.